एक पुस्तक, एक नोंद

सोलापूर
१७ जानेवारी २०२४

चि. महेश्वर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

रविवारी आपण फोनवर बोलतो खरे, पण तुझ्या पोरांचा दंगा, माझा कुकर आणि पेटीवर बोटं फिरवत तुझं ते ‘बरं, बरं’ म्हणणं यांत कामाचं बोलणं राहूनच जातं. म्हणून आज वाचनालयातच ब्रेलची पाटी आणि टोचा घेऊन बसले आहे. ब्रेलचं टपाल सरकार फुकट नेतं, तेव्हा पत्र लांबलं तरी माझं काही जात नाही. तुझी बोटं दुखली तर चंद्रिकाकडून तेल चोळून घे.

बातमी अशी की आपल्या अंध वाचनालयात संगणक आला. पुण्याच्या एका संस्थेने दिला. सोबत ते नव्या, स्वच्छ आवाजातली कितीतरी ध्वनिमुद्रित पुस्तकंही देणार आहेत. अट एकच, मार्चअखेर आपली सगळी सूची संगणकावर चढली पाहिजे. आमचे सचिव चनमल्लप्पा यांनी आधी हो म्हणून टाकलं आणि मग मला विचारलं की मॅडम, हुईल न्हवं? हो म्हणून झाल्यावर विचारण्यात काय अर्थ, पण त्यांचा स्वभावच तसा.

अडचण कामाची नाही, रीतीची आहे. आपल्याकडे प्रत्येक प्रकाराचं वेगळं रजिस्टर आणि वेगळं कपाट. ब्रेलचं एक, कॅसेटचं एक, सीडीचं एक, कमी दिसणाऱ्यांसाठी मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांचं एक, आणि एक उठावाच्या नकाशांचं, ज्याला मी वर्षानुवर्षं हात लावलेला नाही. एकच कादंबरी चार रजिस्टरांत चार नंबरांनी बसलेली असते. तिची ब्रेल प्रत बाहेर गेलेली असली की मी मागणाऱ्याला नाही म्हणून मोकळी होते. तिचीच कॅसेट शेजारच्या कपाटात आहे, हे मला आठवलं तर आठवलं. ही डोक्यातली सूची माझ्याबरोबरच निवृत्त होणार, आणि त्याला आता फार वर्षं नाहीत. मग संगणकावर चढवताना वस्तूप्रमाणे चढवू की पुस्तकाप्रमाणे? वस्तूप्रमाणे चढवलं तर जुनाच घोळ नव्या डब्यात. पुस्तकाप्रमाणे चढवावं तर ब्रेलचे खंड, कॅसेटच्या बाजू आणि सीडीची मिनिटं यांची खिचडी होईल अशी भीती वाटते.

त्यात आपले वळसंगचे नबीसाब. ट्रकवर जन्म काढलेला माणूस. साखरेने आधी डोळे नेले, मग बोटांची जाणीव नेली, त्यामुळे ब्रेलही सुटली. गुरुवारी एसटीने येतात आणि पिशवीभर कॅसेट नेतात. त्यांना माझी अडचण सांगितली तर म्हणाले की त्यात अवघड काय हाय, मुक्ताबाईच्या आवाजातलं एका फळीवर ठिवायचं अन् बाकीचं कुटं बी. त्यांच्या लेखी जगातल्या पुस्तकांचे दोनच वर्ग, आपल्या आईने वाचलेली आणि इतर.

तू शिकलेला आहेस, शिवाय गिऱ्हाईकही आहेस. काय करू ते कळव. मुलांना गोड पापा. माया आहे तशीच राहो, मध्ये वाद आला तरी.

तुझी,
अक्का


अकलूज
२८ जानेवारी २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना राग आला. इतकी वर्षं आंधळ्यांमध्ये काढलीस आणि अजून विचारतेस वस्तू की पुस्तक!

घरातून निघताना कुठलाही आंधळा असं म्हणत नाही की आज आपण कॅसेट वाचू. त्याला गोष्ट हवी असते. भुकेला माणूस ताट पितळेचं की स्टीलचं हे विचारत बसत नाही. तुला आठवतं का माहीत नाही, दहावीला मी मिरजेच्या वसतिगृहात होतो. इतिहासाच्या ब्रेलचा तिसरा खंड दुसऱ्या कोणाकडे गेला होता. आमच्या रेक्टरांनी सोलापूरला कार्ड टाकलं, तेव्हाच्या ग्रंथपालांनी उलट टपाली कळवलं की खंड उपलब्ध नाही. खोटं काही कळवलं नाही. मी त्या खंडावाचून परीक्षेला बसलो आणि जेमतेम सुटलो. पुढे कॉलेजात असताना कळलं की अख्ख्या पुस्तकाच्या कॅसेट त्याच खोलीत पलीकडच्या कपाटात होत्या, आणि वाचल्या होत्या आपल्या आईने, जिला मी खंड अडल्याचं कळवलंच नव्हतं. माझ्या आईने वाचलेला इतिहास मला मिळाला नाही, कारण विचारणाराने ब्रेल विचारली आणि सांगणाराने ब्रेलपुरतं सांगितलं. ही रीत ज्याने काढली त्याला माझ्यातर्फे दंडवत घाल.

तेव्हा एक पुस्तक, एक नोंद. वर पुस्तक आणि लेखक, खाली त्याची जितकी रूपं असतील तितकी, ज्याचा त्याचा तपशील ज्याच्या त्याच्या ओळीत. याची खिचडी कशी होईल? ताट एक आणि वाट्या वेगळ्या. नबीसाबांच्या बोटांना ब्रेल लागत नसेल तर एका नजरेत तुला दिसेल की याच पुस्तकाची कॅसेट आहे, सीडीही आहे.

नबीसाबांना माझा सलाम सांग, पण त्यांचं ऐकू नकोस. कोणी वाचलं हे काही पुस्तकाचं अंग नव्हे. आवाज म्हणजे पुठ्ठा, अक्का. आईने वाचला म्हणून भीमेचा उगम काही बदलत नाही. वाचणाऱ्याच्या नावाने सूची लावायला गेलीस तर उद्या कोणी येऊन म्हणेल, मला चहाचा डाग पडलेली पुस्तकं एका फळीवर द्या.

एवढं शहाणपण पाजळून झाल्यावर आता माझं मागणं. आई गेल्यापासून तिची एकही कॅसेट मी ऐकलेली नाही. आधी ऐकवेना, मग टेपरेकॉर्डर मोडला, मग दिवस गेले. त्या तुझ्या कपाटात आहेत एवढ्यावर माझं भागत होतं. आई गेली तेव्हा घरात साधा बटणांचा फोन होता, त्यामुळे तिचं बोलणं आपल्याकडे कुठेच नाही, आणि वाचनालयाची वस्तू म्हणून तिने एक प्रत घरी ठेवू दिली नाही. आता मात्र ऐकावंसं वाटतं. मार्चचं ओझं उतरलं की तिचं जेवढं असेल तेवढं मला पेनड्राइव्हवर काढून दे. घाई नाही.

चंद्रिकाचा नमस्कार. इथे गळीत हंगाम जोरात आहे, मळीच्या वासाने सगळं गाव आंबलंय. भांडलो तरी भाऊच आहे, हे ध्यानी असू दे.

तुझा,
महेश्वर


सोलापूर
३ मार्च २०२४

चि. महेश्वर यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू जिंकलास. मिठाई तूच घेऊन ये.

समितीपुढे मी तुझ्या दहावीच्या इतिहासाची गोष्ट सांगितली, तुझं नाव न घेता. अध्यक्ष उदयसिंह एरवी बैठकीत पेंगतात, तेही ताठ बसले. चनमल्लप्पांनी विचारलं की पन मॅडम, मग एवढी रजिस्टरं कशाला घातली व्हती आजवर? ठराव झाला आणि त्या दिवसापासून मी अख्खं वाचनालय उलटंपालटं करते आहे. चारही रजिस्टरं पुढ्यात घ्यायची, एक पुस्तक धरायचं आणि त्याची सगळी भावंडं शोधून एका नोंदीखाली आणून बसवायची. महेश्वर, तुला खरं सांगते, इतक्या वर्षांत या कामात असा आनंद मला झाला नव्हता. एका प्रवासवर्णनाचे ब्रेल खंड अर्धेच आहेत म्हणून ते आम्ही रद्दीच समजत होतो. उरलेला अर्धा भाग कॅसेटवर निघाला. परवा एका मुलीला मी फोनवरच सांगितलं की पहिले तीन खंड हातांनी वाच आणि पुढचं कानांनी. ती इतकी हसली की मलाही हसू आवरेना.

वाचणाऱ्याच्या नावाचं तू म्हणालास तसंच केलं. कॅसेटच्या रजिस्टरात तो रकाना होता, पण पुणेकरांच्या संगणकात त्याला जागाच नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले की शेऱ्यात घाला. दर नोंदीला शेरा लिहीत बसले असते तर पुढचा मार्च उजाडला असता. तुझं वाक्य आठवलं आणि सोडून दिलं.

पुण्याची माणसं येऊन काम बघून गेली. इतकी सरळ सूची त्यांनी दुसऱ्या कुठल्या वाचनालयात पाहिली नाही म्हणे. माझी मान ताठ झाली, आणि ती घरी येऊन शेकावी लागली, कारण दिवसभर मान वाकवून नोंदी करण्याचं वय आता राहिलेलं नाही.

आईच्या कॅसेट एप्रिलमध्ये काढायला घेते. कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ उतरवायला लागतो, त्यामुळे रोज जेवणाच्या सुट्टीत एकेक लावीन. मलाही ऐकायला मिळेल. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते तू लिहीत नाहीस, चंद्रिकाच सांगते. हे बरं नव्हे. आठवण ठेवतोस, ती पत्रातूनही पोचू दे.

तुझी,
अक्का


अकलूज
१९ मार्च २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वर्गात मुलांना वाचून दाखवलं. आमच्या शाळेतल्या डोळस पोरांना सूची म्हणजे काय हे संगीताच्या तासाला कळलं.

चंद्रिकाने माझ्यासाठी पेनड्राइव्ह लावायचा छोटा स्पीकर आणला. तो कपाटावर वाट बघत बसलाय. घाई नाही असं मी मागे लिहिलं होतं, ते आता खरं राहिलेलं नाही. आधी ते प्रवासवर्णन काढ. त्यात एका ठिकाणी बाहेरून भंगारवाल्याची आरोळी येते आणि आई वाक्य तोडून तो जाईपर्यंत गप्प बसते. मग तेच वाक्य पहिल्यापासून, जरा रागाने. पान उलटण्याआधी ती ‘हूं’ करायची, आठवतं? मिरजेला आमच्या खोलीत सगळे त्या ‘हूं’ची वाट बघायचे आणि एकदम ‘हूं’ म्हणायचे. संध्याकाळी जेवणाआधी रेक्टर कॅसेट लावायचे. खोलीतल्या कितीतरी पोरांची आई दूर होती किंवा नव्हतीच. माझी आई सगळ्यांना वाचून दाखवतेय याचा मला आधी राग यायचा, मग फार मिजास वाटायला लागली.

तिचा चेहरा मला कधीच नव्हता. सहा महिन्यांचा असतानाच डोळे गेले, त्यामुळे आई म्हणजे मला हात, हळदीचा वास आणि तो आवाज. हात आणि वास गेले. आवाज तेवढा तुझ्या कपाटात आहे. म्हणून म्हणतो, सावकाश का होईना, पण लाग कामाला.

गुडघा बरा आहे. बायकांचं ऐकू नकोस. तुझ्या मायेचा भुकेला,

महेश्वर


सोलापूर
४ मे २०२४

चि. महेश्वर यास,
आशीर्वाद. वि. वि.

दोन रविवार मी फोन उचलला नाही, आणि तिसऱ्या रविवारी ऊन लागलंय असं सांगून ठेवून दिला. ऊन लागलं नव्हतं. जे सांगायचं आहे ते फोनवर सांगण्याची माझी छाती झाली नाही. पत्र तू एकटाच वाचशील, तेव्हा इथे लिहिते.

आईच्या कॅसेट गेल्या. एकही राहिली नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला केम गावी सासूबाई पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं, हे तुला माहीत आहे. मी रजा टाकून तिकडे होते. जायच्या आधी एकही कॅसेट उतरवून झाली नव्हती. मी नसताना पुणेकर नवी पुस्तकं घेऊन आले. ती छोट्याशा डब्यात मावतात, पण त्यांच्या यंत्रांना खोली हवी होती आणि खोलीत होती कपाटं. त्यांनी संगणकाला विचारलं की कुठल्या पुस्तकांचं एकाहून जास्त ध्वनिमुद्रण आहे. आधी रजिस्टरं होती तेव्हा हा प्रश्न कोणी विचारलाच नसता, आणि विचारला असता तरी उत्तर काढायला वर्ष गेलं असतं. संगणकाने लगेच यादी दिली. प्रत्येक पुस्तकाखाली नवं स्वच्छ ध्वनिमुद्रण आणि जुनी खरखरणारी कॅसेट, शेजारी शेजारी, मीच नीट लावून दिलेल्या नोंदीत. त्यांचा नियम, एका पुस्तकाला एक आवाज. जुन्या सगळ्यांपुढे ‘दुबार’ असं पडलं. चनमल्लप्पांनी सही केली, दारावरून भंगाराचा टेम्पो बोलावला आणि कपाट रिकामं झालं.

आईने सगळी लोकांना आवडणारी पुस्तकंच वाचली होती ना. अशा पुस्तकांची नवी ध्वनिमुद्रणं हटकून असतात. शाळेची तेवढी वेगळी, पण अभ्यासक्रम बदलला म्हणून ती आधीच रद्द झाली होती. कोणी वाचलं आहे हे नोंदीत कुठेच नव्हतं, त्यामुळे कोणाचा हात अडला नाही. कपाटाला कोणी हात लावील असं मला स्वप्नातही आलं नाही, म्हणून जाताना मी कोणाला बजावलंही नव्हतं.

कळल्या दिवशीच मी एमआयडीसीत गेले. टेम्पोवाला सापडला, त्याने माल कुठे दिला तेही सांगितलं. तिथे प्लास्टिक दळून त्याचे दाणे करतात. आतली फीत त्यांच्या कामाची नाही, ती ओढून काढतात आणि मागच्या मोकळ्या जागेत जाळतात. मी ती जागा पाहिली. तिथल्या बाईने विचारलं की काय सोनंनाणं ऱ्हायलं व्हतं का त्यात. मी नाही म्हणाले आणि परत आले.

चनमल्लप्पांना काय बोलणार? मी रडले तर ते घाबरून गेले. त्यांचं म्हणणं की पुस्तक तर हाय की मॅडम, तेच पुस्तक, उलट चांगल्या आवाजात. ते नियमाप्रमाणेच बोलत होते. नियम माझा होता.

काय लिहू अजून? रागाव, पण गप्प बसू नकोस.

अक्का


अकलूज
११ मे २०२४

ती. अक्कास,
नमस्कार वि. वि.

नियम तुझा नव्हता, माझा होता. तू विचारलंस आणि मी ऐटीत सांगितलं.

ते राहू दे. आता हातपाय हलवायला हवेत. मिरजेच्या वसतिगृहात आपल्या कॅसेट जायच्या, तिथे एखादी परत करायची राहिली असेल, त्यांना विचार. दुसऱ्या अंध शाळांनी प्रती काढून घेतल्या असतील. देवघेवीच्या नोंदी बघ, मुदत उलटून गेलेली, कोणाच्या घरी अडकलेली एखादी तरी असेलच. लोकांना उशीर करण्याबद्दल तू आयुष्यभर बोल लावलेस, आता एखादा तरी आळशी निघू दे. अर्धी बाजू मिळाली तरी चालेल. तिने नुसतं पुस्तकाचं नाव आणि बाजूचा नंबर सांगितलेला असला तरी चालेल.

चंद्रिकाला मी अजून सांगितलेलं नाही. ती रोज स्पीकरवरची धूळ पुसते.

महेश्वर


सोलापूर
८ जून २०२४

चि. महेश्वर यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू सांगितलेली एकही जागा सोडली नाही. मिरजेचं वसतिगृह नव्या इमारतीत गेलं, जुनं सामान लिलावात निघालं. ज्या शाळांनी प्रती घेतल्या असतील असं वाटलं, त्यांतल्या दोन बंद पडल्या आहेत आणि बाकीच्यांनी सीडी आल्यावर कॅसेट टाकल्या. एका मुख्याध्यापकांनी तर प्रेमाने सांगितलं की आता सगळं मोबाइलवर मिळतं, कॅसेट कशाला शोधता.

मुदत उलटलेली एकच निघाली. नबीसाबांकडे. मनात नवस बोलूनच वळसंगला गेले. नबीसाबांना आधी वाटलं मी दंड मागायला आले. मग कळल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली. त्यांनी त्या कॅसेटची मुदत कधी पाळलीच नव्हती. वाटायचं मरेपर्यंत आपल्याकडेच राहावी. त्यांच्या सुनेने, माजिदाने, कपड्यात गुंडाळलेली कॅसेट आणून दिली. प्रवासवर्णनाचीच होती, महेश्वर. मी तिथेच लावून बघितली. नुसती घरघर. खाली कुठेतरी कोणी बोलतंय असं वाटतं, पण बाई की पुरुष तेही समजत नाही. मी हबकले, आणि नबीसाब मात्र मान डोलवत ऐकत होते. त्यांना सगळं पाठ आहे, त्यामुळे त्यांना अजून ऐकू येतं. रोज ऐकून ऐकून त्यांनीच ती झिजवली. नवी पेठेतल्या जुन्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने फीत उजेडात धरून सांगितलं की वरची पूडच निघून गेली, आता यातून देव बी काय काढनार न्हाय. मी ती नबीसाबांना परत नेऊन दिली. सूचीत तिची नोंद नाही, तेव्हा ती कोणाचीच नाही.

वाचनालय जोरात चाललंय. खरंच चाललंय. लोकांना हवं ते पुस्तक हव्या त्या रूपात मिळतं, कोणी रिकाम्या हाताने जात नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघते आणि मला काही वाटत नाही.

एक केलं आहे. तुला आवडेल की नाही कळत नाही. आईच्या ओळखीची माणसं मला नेहमी सांगायची की माझा आवाज तिच्यासारखा आहे. म्हणून त्याच खोलीत बसून, पंखा बंद करून, मी प्रवासवर्णनाचं पहिलं प्रकरण वाचून मुद्रित केलं. ती वाचायची तसंच सावकाश, पान उलटण्याआधी ‘हूं’ करून. दोनदा वाक्य अर्ध्यावर तुटलं, ते पुसून पुन्हा वाचलं. सोबत पेनड्राइव्ह पाठवते आहे. आवडलं तर सगळं पुस्तक वाचेन, मग बाकीची. निवृत्तीनंतर मला दुसरं काम तरी काय आहे?

ऐकून लगेच कळव. तुझं माझ्यावर जे काही प्रेम उरलं असेल ते राखून ठेव.

तुझी,
अक्का


अकलूज
२३ जून २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पेनड्राइव्ह याच पाकिटात परत पाठवतो आहे. रागाने नाही. आधी सगळं नीट वाच.

पाकीट आलं तेव्हा घरात कोणी नव्हतं. मी स्पीकर लावला. तू पुस्तकाचं नाव सांगितलंस, मग पहिलं वाक्य वाचलंस, आणि अक्का, ती आई होती. मी उठून उभा राहिलो. तू दुसरं वाक्य वाचलंस तेव्हाही आईच होती. पान संपेपर्यंत मी काय ऐकतोय हे मला कळत नव्हतं, एवढंच कळत होतं की ती आहे. मग तू ‘हूं’ केलंस. ते जरा लांबलं, तू लहानपणी औषध घेताना करायचीस तसं, आणि मला तू दिसलीस. आम्हाला दिसतं तशी.

मी लगेच बंद केलं आणि आईचं ‘हूं’ आठवायला बसलो. आलं नाही, तुझं आलं. तिच्या तोंडची वाक्यं मी मनात म्हणून बघितली, भंगारवाल्यावरचं, भीमेच्या उगमाचं, मला हाक मारायची ती. सगळी तुझ्या आवाजात येतात. कपाट रिकामं झालं तेव्हा ती माझ्या कानात थोडी उरलेली होती, हे मला तोवर माहीत नव्हतं. आता शोधतो आणि तू सापडतेस. तुम्हा डोळस माणसांना फोटो असतो, त्यावरून चेहरा पुन्हा जुळवता येतो. मला आता कशावरून जुळवायचं?

तू प्रेमाने केलंस हे मला कळतं. म्हणूनच सांगतो, पुढचं प्रकरण वाचू नकोस. कुठलंच पुस्तक वाचू नकोस. दुसऱ्या कोणाला वाचून दाखवायचं असेल तर दाखव, तुझा आवाज चांगला आहे. मला नको.

सूचीबद्दल विचारशील तर आजही मी तेच सांगेन, एक पुस्तक, एक नोंद. दहावीच्या कुठल्या पोराला आता खंडावाचून परीक्षेला बसावं लागणार नाही. नियम चुकलेला नव्हता, अक्का. चुकला असता तर सुधारून घेतला असता, कोणाशी तरी भांडता आलं असतं.

चंद्रिकाला सांगितलं. तिने स्पीकर फडक्यात बांधून माळ्यावर टाकला.

गेल्या रविवारी तू फोनवर हॅलो म्हणालीस आणि माझ्या तोंडून आई म्हणून हाक जाता जाता राहिली. म्हणून काही दिवस फोन करू नकोस. किती दिवस ते मला सांगता येणार नाही. पत्र पाठवत जा, मोठं पाठव, घरचं सगळं लिही. कागदावर तू तूच असतेस.

लोभ कमी झालेला नाही. तुझाही होऊ देऊ नकोस.

तुझा,
महेश्वर